आईच्या जागी मी, तेही काठावर

प्रिय ताई,

तुझ्या वडीलकीला वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलेलो नाही. कंबर सध्या वाकायच्या मनःस्थितीत नाही. कारण पुढे येईलच.) तुझी झोप सुधारली का? भावोजींचा खोकला गेला, की त्याला घरचाच माणूस समजून अजून सांभाळताय? इकडे आम्ही सगळे मजेत. मजेत म्हणजे वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो आणि कुणी कुणावर ओरडत नाही. आई गेल्यापासून घर इतकं शांत आहे की शेजारच्या दंतवैद्यांनी मला जिन्यात थांबवून काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" आईच्या आवाजाची सोसायटीकडे तक्रार करणारे हेच ते गृहस्थ.

आता तिला तरी काय म्हणणार? सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली. खरखरत्या तारांवरून बोलायची सवय; पुढे तारा सुधारल्या, आई सुधारली नाही. आणि अशी बाई, जी भाजीला जातानाही चार दारं वाजवून "निघाले गं मी" असं सांगून जायची, ती भर दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता कुणाला काही न सांगता गेली. मला अजून ते पटत नाही. (भिंगरीला तर अजिबात नाही. माझी ही कन्या म्हणते, आजीने निदान मला तरी सांगायचं.)

तू लांब असल्यामुळे या आजी-नातीचे उद्योग तुला पुरते कळले नाहीत. गेल्या वर्षी शाळेच्या खेळांत आजी-आजोबांसाठी संगीत खुर्ची होती. आई थेट सरांकडे गेली आणि म्हणाली, बसायचं घरी आहेच, पळायचं काही नाही का? नाही म्हटल्यावर ती पालकांच्या शर्यतीत येऊन उभी राहिली, माझ्याच शेजारी. ती दुसरी आली. मी किती आलो ते सोड. त्या दिवशी भिंगरीने शाळेत मला ओळख दाखवली नाही.

तर मुद्द्याचं. रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावावरच्या तिघीजणी दारात हजर. साठी उलटल्यावर आई पोहायला शिकली आणि वर्षभरात तिने गल्लीतल्या तिघींना पाण्यात ढकललं, हे तुला माहीत आहेच: पोस्टातून निवृत्त झालेल्या काकू, मला शाळेत भूमिती शिकवलेल्या बाई आणि शिंपीणकाकू. ('ढकललं' हे शिंपीणकाकूंपुरतं शब्दशः घे.) तिघींची तक्रार एकच. हातपाय चालतात, पण अर्ध्यावर गेलं की थांबतात, कारण काठावरून ओरडणारं कुणी नाही. "तुम्ही या," पोस्टातल्या काकू म्हणाल्या. "त्यांचे चिरंजीव तुम्ही, आवाज कुठे जाणार?"

माझा आवाज! चष्म्याच्या दुकानात दिवसभर "आता दिसतंय? आणि आता?" असं कुजबुजणारा माणूस मी. शिवाय मला या वयात पोहायला शिकवणं हा आईच्या आयुष्यातला एकमेव पराभव. ती शिकवायची, मी शिडी सोडायचो नाही. पण तिघींपुढे नाही म्हणवेना. गेलो. रखवालदाराने बूट काढायला लावले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली आणि मी खोल बाजूच्या काठावर, आईच्या जागी, उभा राहिलो. तिघी निघाल्या. मी म्हणालो, "छान चाललंय. चालू द्या." भूमितीच्या बाई मध्येच दोरी धरून थांबल्या.

"असं नाही रे. रागावून."

"म्हणजे आई काय म्हणायची?"

"म्हशींनो, म्हणायची."

ताई, ज्या बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं, त्यांना मी म्हैस कसं म्हणू? पण तिघी वाट बघत होत्या. मी छाती भरून घेतली, जोर यावा म्हणून पुढे झुकलो, "म्ह" एवढं तोंडातून बाहेर पडलं, ओल्या फरशीवरून पाय सटकला, काठावर कंबर आपटली आणि मी सबंध पाण्यात.

खाली गेलो. वर आलो. नाकातोंडात पाणी. आणि तेव्हा ऐकू आलं, तिघींच्या तोंडून एकदम: "पाऽऽय मार, गाढवा! पाऽऽय! वर बघ!"

शब्द आईचे, हेलही आईचा. वर्षानुवर्षं ऐकून तो त्यांच्या अंगात मुरला होता. घाबरल्यावर आपोआप बाहेर आला. आणि तिच्या हयातीत कधी न हललेले माझे पाय हलले. काठ काही फार लांब नव्हता. पण मी गेलो, ताई, माझा मी गेलो. हात काठाला लागला आणि ओरडणं थांबलं. तेव्हा मला वाटलं, अजून थोडा वेळ बुडायला हवं होतं.

मला वर ओढल्यावर शिंपीणकाकू स्वतःच्या तोंडावर पाणी मारत राहिल्या. तोंड ओलं असलं की रडलेलं कळत नाही असा त्यांचा समज आहे. चष्मेवाल्याला कळतं. माझंही तोंड ओलंच होतं.

तुम्हा उभयतांना आमचा नमस्कार, आणि खोकल्यालाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात तलावावर ज्येष्ठ महिलांची रिले शर्यत आहे. आईने चौघींची नावं आधीच देऊन ठेवली होती. रिकाम्या जागी मी तुझं नाव सांगून टाकलंय. तुला पोहता येतं का, हे मी त्यांना विचारू दिलं नाही.

ता. ता. क. पोहू नकोस. नुसती ये. जरा जास्त दिवस राहा आणि आमच्यावर ओरड. हे फोनवर सांगता आलं असतं, पण हल्ली तू फोन उचलून "हॅलो" म्हणतेस ना, ते थेट आईसारखं. भिंगरी आतून पळत येते. आणि मला पुढचं काही बोलता येत नाही.