तेल लावून आलेली डोकी

चि. अभिमन्यू यास,

भवानी पेठेतून बजाक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? ऊस गेला का कारखान्याला? (फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र कट करता येत नाही.)

तुझी उत्कर्षा माझ्याकडं राहून शिकते आणि सोमवारी तिच्या प्रोजेक्टची परीक्षा आहे, हे तुला ठाऊक आहेच. "जमलं न्हाय तर गाठोडं बांधून माळशिरसला ये, पाव्हणे बघायला येत्याल," असं तूच म्हणालास आणि त्या दिवसापासून पोरीशी बोलणं टाकलंस. कुणीतरी तुझ्या कानात भरवलं म्हणे, की ती माणसांच्या डोक्याला करंट देते. अरे, देत नाही, घेते! गाणं ऐकताना मेंदूत बारीक वीज हलते, ती तिची तारांची टोपी टिपते. संगणकाला आधी पुष्कळ डोकी दाखवून शिकवायचं, मग तो नुसत्या त्या विजेवरून ओळखतो की माणसाच्या कानात भजन चाललंय, लावणी की सनई.

तर शिकवायला डोकी पाहिजेत म्हणून मी पेठेत सांगून आले. 'कॉलेजची पोरं डोकी बघायला येणार' एवढंच सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. चारचौघांत डोकं दाखवायचं म्हटल्यावर कोरडं कोण येईल? शेजारची रत्नम्मा वाटीभर खोबरेल चोपडून आली, वर गजरा. आणि तुझे दाजी कुंडलिकराव भांग पाडून असे चकाकत होते की टोपी घसरून मानेवर यायची.

काय सांगू तुला, ज्याच्या त्याच्या डोक्यात भजन! रत्नम्माच्या कानात सनई, तरी भजन. ह्यांच्या कानात लावणी (मी समोरच बसलेली), तरी संगणक म्हणतो भजन. ह्यांनी त्या संगणकाला हात जोडले की! पेठेतल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडं नव्यानं बघायला लागल्या, आठवडाभर घराघरांत लई शांतता होती. उत्कर्षा मात्र रडकुंडीला आली. शेवटी ह्यांच्या उशीवरचा डाग बघून तिला उमगलं. तेलामुळं वीज टोपीपर्यंत पोचतच नव्हती, आणि काही कळेनासं झालं की तो संगणक भजन म्हणून मोकळा होत होता.

मग मी सगळ्यांना शिकेकाईनं न्हायला लावलं आणि पोरीनं संगणकाला पहिल्यापासून शिकवलं. रत्नम्माची सनई बरोबर ओळखली, पोरगी टाळ्या पिटत नाचली. मग हे बसले. कानात भजन, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भक्तिभाव. संगणक म्हणाला, लावणी. "आत्या, हे एवढं चुकलं बघ," पोरगी म्हणाली. मी म्हटलं, "चुकलं न्हाय बाळ, तू लिही." तेव्हापासून हे माझ्यासमोर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसतात.

असो. पोर हुशार आहे आणि मला तिचा लई अभिमान वाटतो. तुलाही वाटतो, फक्त तुझ्या तोंडातून निघत नाही. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
बजाक्का

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. सोमवारी परीक्षकांसमोर संगणकानं कधी न पाहिलेलं डोकं बसवायचंय. पेठेतली धुतलेली डोकी त्यानं पाहिलीत, उरलेली तेलात बुडालेली, माझं कुणी ऐकत नाही. ज्याच्यावर केसच नाहीत असं डोकं आपल्या नात्यात एकच आहे. रागावू नकोस, रविवारच्या एसटीनं ये.

ता. क. दुसरा : हे मी सुचवलेलं नाही. उत्कर्षाच म्हणाली, "बाबांना बोलव आत्या. ते माझ्याशी बोलत न्हाईत, निदान त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते तरी कळंल." म्हणताना हसली, आणि मग माझ्याकडं पाठ करून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

ता. क. शेवटचा : ऊन लई आहे, टोपी घालून ये. पण टकलाला तेल चोळू नकोस. (तू चोळशील, मला ठाऊक आहे.) एकदा तरी पोरीला आतलं नीट दिसू दे.