बेचाळिसावं कोडं

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून वहीसुद्धा नवी. हुद्दा काय, तर सुरक्षा अधिकारी. फोनवर सांगितलं तेव्हा आई हसतच सुटली. उतू घालवल्याशिवाय जिला दूध तापवता येत नाही, ती आता दीडशे माणसांचा जीव सांभाळणार म्हणे! हसू दे. पगार वाढला आणि केबिन मिळाली. स्वतःची केबिन मिळायला मला चौदा वर्षं लागली.

कारखाना म्हणजे फळांचं शीतगृह. सहा प्रचंड खोल्या. यंत्रवाल्या काकांनी सगळं फिरवून दाखवलं. फळ तोडल्यावरही श्वास घेतं, आणि श्वास घेतं म्हणूनच म्हातारं होतं म्हणे. म्हणून खोली बंद करून आतला प्राणवायू काढतात आणि त्या जागी दुसरा वायू भरतात. त्याला ना वास, ना रंग. फळं मरत नाहीत, झोपतात. आठ महिन्यांनी उठवलं तरी कालच तोडल्यासारखी. काका हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगतात की जणू फळं जागी होतील. मला माणूस आवडला.

माझी केबिन पहिल्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला. बोळाचं बाहेरचं दार कायम बंद असतं. आलेल्यानं बेल वाजवायची, मी टेबलावरचं बटण दाबायचं, की ते उघडतं. आज दिवसभर राणीसारखी बसून बटण दाबत होते. खिडकी अंगणावर आहे, बाहेरच्या लोखंडी जिन्यावर पाय वाजले की इथवर ऐकू येतात. पाठीमागची भिंत चार नंबरच्या खोलीची, ती सध्या रिकामी आहे. कपाटात जुन्या साहेबांचा वातीचा स्टोव्ह निघाला. सुरक्षा अधिकाऱ्याच्याच केबिनमध्ये स्टोव्ह! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी लगेच त्यावर चहा केला.

खणात हवा मोजायचा एक छोटा मीटरही सापडला, सेल नसलेला. स्टोअरकीपरकडे सेल मागितले. त्याला इथे सगळे उद्याराव म्हणतात. काहीही मागा, उत्तर एकच.

मंगळवार, ४

इथली एक पद्धत फारच आवडली. सकाळी काम सुरू होण्याआधी सगळे अंगणात जमतात. दुसरीकडे अशा वेळी नियम वाचून दाखवतात आणि लोक उभ्या उभ्या झोपतात. जुने साहेब हुशार. ते नियम वाचत नसत, कोडं घालत. माणूस असा असा मेलेला सापडला, कसा मेला? लोकांनी प्रश्न विचारायचे, पण असेच की ज्यांचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘संबंध नाही’ एवढंच देता येईल. सुटेपर्यंत कुणी हलायचं नाही.

त्यांची कोड्यांची वही खणात मिळाली, त्यातलं एक आज मी घातलं. रिकामी टाकी. आत तीन माणसं मेलेली. जखम नाही, भांडण नाही, पाण्याचा थेंब नाही. पहिला साफसफाईला उतरला होता. मग उरलेले दोघं कशाला उतरले? भांडणापासून भुतापर्यंत सगळं विचारून झालं. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी सोडवलं. दुसरा पहिल्याला काढायला उतरला आणि तिसरा दुसऱ्याला. आतली हवाच मारणारी होती, आणि तिघांनाही ती दिसली नाही. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण डोकं असं चालतं की भल्याभल्यांनी शिकवणी लावावी.

जुने साहेब चार महिन्यांपूर्वी गेले. याच केबिनमध्ये, याच खुर्चीत. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. खुर्ची बदलून मागितली आहे. उद्याराव काय म्हणाले ते लिहायला नको.

गुरुवार, ६

साहेबांची वही आज शेवटपर्यंत वाचली. एकूण एक्केचाळीस कोडी. चाळीस कोड्यांची उत्तरं मागच्या पानांवर आहेत, एक्केचाळिसाव्याचं नाही. कोडं असं:

माणूस आपल्या खोलीत खुर्चीवर बसलेला. मेलेला. खिडकी बंद. अंगावर जखम नाही, पोटात विष नाही. टेबलावर अकरा काड्या, प्रत्येकीचं डोकं जळलेलं. स्टोव्ह मात्र पेटलेला नाही. कसा मेला?

मावशींना सहज विचारलं की साहेब सापडले तेव्हा कसे होते. सर्वांत आधी त्यांनीच पाहिलं होतं. खुर्चीत बसलेले होते म्हणाल्या. थंडी होती म्हणून खिडकी लावलेली. टेबलावर काड्याच काड्या, त्यांनीच झाडून काढल्या. अकरा होत्या का, ते त्यांनी मोजलं नव्हतं.

कोड्यावर तारीख आहे ती साहेब गेले त्याच्या आदल्या दिवसाची. वही मिटून खणात टाकली. मग स्वतःलाच दटावलं की पुरे झाला भित्रेपणा.

रविवार, ९

भुंगा आली! आजीकडून मुक्काम हलवून बाईसाहेब आज आईच्या राज्यात दाखल झाल्या. आठ वर्षांची माझी लेक. सारखी डोक्याशी गुणगुण, म्हणून भुंगा. घराची बेलसुद्धा तशीच वाजवते, लागोपाठ तीनदा. एवढ्यानं दार उघडलं नाही तर पुन्हा तीनदा. मग आणखी एकदा तीनदा, आणि तरीही उघडलं नाही की रुसून शेजाऱ्यांकडे जाऊन बसते. चौथी संधी कुणाला नाही.

उद्यापासून शाळा. शनिवारी शाळेला आणि आम्हालाही अर्धा दिवस असतो, म्हणून त्या दिवशी शाळेची बस तिला आमच्या फाटकाशी सोडेल. साडेबाराला वर येऊन माझ्या केबिनमध्ये बसायचं ठरलंय. तेव्हापासून उड्या मारतेय. मला म्हणते, बटण मीच दाबणार. म्हटलं, बाहेरून येणारीनं आतलं बटण कसं दाबायचं? हे कोडं तिला अजून सुटलेलं नाही.

सोमवार, १०

चार नंबर भरली. शनिवारी माल आला, कालपासून वायू सोडलाय. भिंतीपलीकडे आता हजारो फळं झोपलीत. कपाटामागे पाइपाचा बारीक आवाज येतो.

दुपारी डोकं चढलं. जांभयांवर जांभया. चष्म्याचा नंबर वाढला असणार. चहा करावा म्हटलं तर काडी पेटेना. फर्र होते आणि लगेच विझते. पेटी दमट झाली असावी. उद्यारावांकडे नवीन मागितली. उद्या.

मंगळवार, ११

आज मी एक आगाऊपणा केला. एक्केचाळिसावं कोडं अंगणात घातलं. उत्तर मला माहीत नाही हे सांगितलं नाही. नवी अधिकारी, आणि तिलाच उत्तर येत नाही? लाज वाटली. म्हटलं, तेच शोधतील आणि मी मान डोलावीन.

प्रश्न आले. मी ठोकून देत होते. बाहेरून कुणी आलं होतं का? नाही. त्याला भीती वाटत होती का? हो. मग मावशींनी विचारलं की काड्या ओल्या होत्या का. माझ्याच पेटीची आठवण झाली आणि म्हटलं, हो. मावशींचा चेहरा पडला. त्यांच्या मनात काहीतरी होतं, ते तिथेच संपलं. यंत्रवाले काकाही बोलायला पुढे आले होते, तेही मागे सरले. कोडं सुटलं नाही. लोक कुरकुरत कामाला गेले.

एवढंसं ‘हो’. पण दिवसभर तेच आठवत राहिलं.

बुधवार, १२

डोकेदुखी आहेच. घरी गेलं की थांबते, इथे आलं की सुरू. नोकरीचा कंटाळा म्हणावा तर तसंही नाही. बोळ चालून आले तरी धाप लागते. आज बेल वाजली तर कितीतरी वेळ बटणाकडे नुसती बघत बसले. बाहेर काका ताटकळत उभे होते. ते म्हणाले की मी फिकट दिसतेय, जरा बाहेर बसा. मी हसण्यावारी नेलं. फाइली काय बाहेर येणार आहेत माझ्यामागे?

खिडकी उघडली की बरं वाटतं. पण फार गार वारा येतो.

गुरुवार, १३

केबिनचं दार लावून लिहिते.

साहेबांच्या वहीत आज बेचाळिसावं कोडं आहे. गेल्या गुरुवारी वाचली तेव्हा ते पान कोरं होतं. मी शपथेवर सांगेन.

बाई खोलीत एकटी. अंगावर ओरखडासुद्धा नाही. बाहेर बेल वाजतेय. बटण हाताशी. दाबलं असतं तर दार उघडलं असतं, माणसं आली असती. तिनं दाबलं नाही. का?

अक्षर साहेबांचं नाही. माझं आहे. ‘ण’ची शेपटी मी काढते तशीच. कधी लिहिलं? दुपारी तासभर डोळा लागला होता, तेवढंच आठवतं.

उत्तर तर सरळ आहे. बाहेर जो होता, त्याला ती घाबरत होती.

बाहेर कोण आहे?

शुक्रवार, १४

झोप नाही. भुंग्यानं विचारलं की मी तिच्याकडे अशी काय बघते. काही नाही म्हटलं.

आज प्रत्येक बेलला बटण दाबायच्या आधी ओरडून विचारते, कोण आहे. बोळ लांब, आवाज पोचत नाही. खिडकीचंही भय वाटायला लागलं. खाली पत्र्याची शेड आहे, कुणीही चढून येईल. सुताराला बोलावून खिळे ठोकून घेतले. तो हसत होता. दारंखिडक्या बंद, आता खुशाल येऊ दे कुणीही.

उद्या भुंगा यायची आहे. नको म्हणायला हवं होतं. पण घरी तरी एकटी कशी ठेवू? माझ्या डोळ्यांसमोर असलेली बरी. मी असताना तिच्या केसालाही –

हे वाक्य काल काय लिहिणार होते ते आठवत नाही. काल नाही. आत्ताच.

शनिवार, १५

साडेदहा. उद्यारावांनी काडीपेटी दिली! नवी, कागद न फाडलेली. अंगणात माझ्यासमोर फोडली, एका काडीत आपली सिगारेट पेटवली, मग मला दिली. म्हणाले, घ्या, आज ‘उद्या’ उजाडला. खूप दिवसांनी मी हसले.

साडेअकरा. बसवत नाही, उठवत नाही. सारखं वाटतंय काहीतरी राहिलंय. गॅस बंद केला ना. भुंग्याचा डबा. दाराकडे तीनदा जाऊन आले. तीनदा का दोनदा. चहा हवा.

काडी पेटत नाही.

नवीच आहे. त्याच पेटीतली त्यानं –

बारा वाजून गेले. भोंगा झाला. खाली गाड्या निघाल्या, अंगण रिकामं. टेबलावर नऊ काड्या. डोकं जळतं, लाकूड जळत नाही. दहा. ओल्या नव्हत्या. मावशी, ओल्या नव्हत्या. मी खोटं –

नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग विझल्या कशानं. काकांनी तिथेच सांगितलं असतं.

आम्ही सगळे विचारत बसलो खोलीत काय होतं. काय नव्हतं ते कुणीच –

हवा.

पाइप. कपाटामागे. फळं झोपवतात ती –

उठले. पडले. पाय माझे नाहीत. खिडकी – खिळे. मीच ठोकून घेतले, शहाणीनं. फोन काका उचलत नाहीत, शनिवार. खुर्चीपर्यंत आले कशीबशी. बटण हाताशी आहे. कुणी आलं की दाबायचं. येईल कुणीतरी. उघडलं की सुटले –

बेल.

तीनदा.

भुंगा.

बोट बटणावर गेलंच होतं. आपोआप. काढलं. दुसऱ्या हातानं धरून काढलं.

ती पळत येईल. बोळभर. आई म्हणत. मला उठवायला बसेल. ओढायला. पहिला कामाला उतरला. दुसरा –

नाही.

पुन्हा तीनदा.

सुटलं. बेचाळीस. ती घाबरली होती, पण बाहेरच्याला नाही. मावशींना सांगा. मागच्या पानावर लिहा.

रुस ग बाई. आई दार उघडत नाही, आई वाईट. रुस आणि खाली जा. फाटकापाशी जाऊन बस. माझं बोट – धरून ठेव – थोडंच –

तीनदा. तिसरी वेळ.

थांबली.

लोखंडी पायऱ्या. पाय आपटत. उतरतेय. रुसली. खूप रुसली माझी