पप्पांचं रात्रीचं विमान

सुपा, दि. ७ जानेवारी २०२४

ति. दीनाआत्यास,
रूथचा सा. सलाम.

फोनवर बोलायचं तर पप्पा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र.

आमच्या कारखान्यातली राजेश्वरी माळावर रिमोटची विमानं उडवते. परवा अंधार पडल्यावर तिने एक उडवलं. डाव्या पंखाला लाल दिवे, उजव्याला हिरवे. विमान दिसतच नव्हतं, नुसते दिवे गिरक्या घेत होते. मला एकदम पप्पा आठवले. डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून उन्हात त्यांना सगळं पांढरंधोप दिसतं, म्हणून तर त्यांनी स्वतः बनवून उडवलेली विमानं माळ्यावर टाकली. पण अंधारात पेटलेला दिवा त्यांना दिसतो ना? बघून कळव, दिसत असेल तर तसंच एक मी त्यांच्यासाठी बनवते. त्यांना मात्र काही बोलू नकोस, उगाच आशा नको.

लोभ असू दे.
तुझी रूथ


जामखेड, दि. १४ जानेवारी

चि. रूथ हिला आत्याचे अ. आ.

तुझ्यामुळे मला खोटं बोलावं लागलं. शेजारच्या गहिनीनाथला लाल आणि हिरवा कागद लावलेल्या बॅटऱ्या देऊन रानाच्या पार टोकाला पाठवला. अंगणातून दादाने लाल कुठली, हिरवी कुठली, बरोबर सांगितलं. हे काय चाललंय विचारलं, तर मी म्हटलं, त्याची शेळी हरवलीय. रंगीत दिवे घेऊन शेळी कोण शोधतं, असं म्हणून तो आत गेला.

दिसतं त्याला, पण मला धास्ती वाटते. मागचं विमान बाभळीत घुसलं तेव्हा तो कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. हे पडलं तर?

जपून राहा, माया आहेच.
दीनाआत्या


सुपा, दि. ११ फेब्रुवारी

ति. आत्यास सा. सलाम.

विमान तयार झालं, पंख मी स्वतः घासले. मला रजा नाही, पण राजेश्वरी जामखेडला माहेरी येतेय, ती घेऊन येईल. पडलं तर मी दुसरं बनवीन, असं पप्पांना सांग.

तुझी रूथ


जामखेड, दि. १८ फेब्रुवारी

चि. रूथ हिला अ. आ.

काल दिवस मावळल्यावर राजेश्वरी आली. दादा आधी हातच लावेना. म्हणाला, आंधळ्याची थट्टा करू नका. मग पंखावरून बोटं फिरवली आणि विचारलं की ही कड इतकी साफ कुणी घासली. तुझं नाव सांगितलं, तसा उठला आणि चपला घातल्या.

गहिनीनाथच्या मोकळ्या रानात राजेश्वरीने विमान वर चढवलं आणि रिमोट त्याच्या हातात दिला. दादा पहिल्यांदा चाचरला, मग असा रमला की मीही धास्ती विसरले. तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो वळला आणि त्याचा उजेड थेट दादाच्या डोळ्यांत. दिवे एका अंगाला कलून खाली यायला लागले. राजेश्वरीने हात पुढे केला, तर दादा म्हणाला की थांब बाई, मी हाय. त्याने डोळे गच्च मिटले आणि लाल दिवा कुठे ते मला विचारलं. डावीकडे, खाली, एवढंच मला सांगता आलं. त्याने विमान सरळ केलं. डोळे उघडल्यावर आणखी दोन गिरक्या घेऊन ढेकळांवर अलगद उतरवलं. गहिनीनाथ म्हणाला, मास्तर, लई भारी. घरी येताना दादा वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होता की हे माझ्या पोरीनं बनवलंय.

प्रभू तुला सुखात ठेवो.
दीनाआत्या


जामखेड, दि. २५ फेब्रुवारी

चि. रूथ,
अनेक आशीर्वाद व सलाम.

जाड पेनाने लिहितोय, ओळी वरखाली गेल्या तर हसू नकोस. दीनाने लिहिलं असेल त्यातलं निम्मं तिखटमीठ समज.

विमान शेपटीकडे जरा जड होतं, बॅटरी बोटभर पुढे सरकवली. आता झकास उडतं. दुपारपासून मी अंधार पडायची वाट बघत बसतो. शाळेतले जुने विद्यार्थी पोराबाळांना घेऊन बघायला येतात. हे तुम्ही बनवलं का मास्तर, असं विचारतात. मी न्हाई म्हणतो, आणि तुझं पूर्ण नाव सांगतो.

रजा मिळाली की ये.

तुझा पप्पा,
दानीएल