साखऱ्यातला धबधबा

२ मे, गुरुवार

आलो बुवा एकदाचा साखऱ्याला! सेनगावहून जीपमध्ये नऊ माणसं, दोन शेळ्या आणि मी. एका शेळीनं अर्ध्या वाटेत माझ्या धोतराचा सोगा चघळायला घेतला. तिची मालकीण म्हणाली, खाऊ द्या बापू, धुतलेला दिसून राहिला. सगळी जीप हसली, मीही हसलो. अडुसष्टाव्या वर्षी नव्या नोकरीवर निघालेल्या माणसानं रुसून कसं चालेल?

शाळा माझी चौथीपर्यंतच. नरसीला वाण्याच्या दुकानात पुड्या बांधता बांधता रद्दी वाचायची सवय लागली, ती आजतागायत सुटली नाही. पुढं हिंगोलीत तीस वर्षं पुस्तकं बांधली. बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वाचून काढायचो, म्हणून गिऱ्हाईकं उशिराबद्दल शिव्या द्यायची. आता इथले अमृतराव, गावातले मोठे शेतकरी, यांनी मुलाच्या नावानं वाचनालय काढलंय आणि मला सांभाळायला बोलावलंय. एक मोठी खोली, चार कपाटं, मागं माझ्या राहण्यापुरती जागा. खोलीची एक अख्खी भिंत धबधब्याच्या चित्रानं झाकलीय, फ्लेक्सवर छापलेल्या. काळा कडा, खाली पांढरं पाणी. बाहेर त्रेचाळीस डिग्री, गावात दोन दिवसांआड टँकर, आणि भिंतीवर एवढं पाणी! बघूनच जीव गार झाला.

३ मे, शुक्रवार

अमृतरावांनी जेवायला बोलावलं. भाकरी, वांग्याचं भरीत, वर दही. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं.

मुलाचं नाव प्रभू. युरोपात आपली माणसं फिरवणाऱ्या एका कंपनीत तो आचारी होता. तिथल्या बर्फाच्या डोंगरांत आपल्या लोकांना पोहे आणि पिठलं करून घालायचा. गावातला हरीश त्यानंच सोबत नेला होता, कणीक मळायला आणि भांडी घासायला. हरीश मंजुळाबाईचा मुलगा, मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्या घरातला. दोघं लहानपणापासून जोडीचे. तीन वर्षांपूर्वी ह्याच चित्रातल्या धबधब्याच्या पायवाटेवरून दोघं घसरले. दोघांतला एकही सापडला नाही.

देह नसला की आपल्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. मंजुळाबाईनं हरीशचं तसं सगळं केलं. अमृतरावही करायला निघाले होते, पण त्यांच्या मालकीणबाई, चंद्रभागाबाई, त्या पानांच्या ढिगावरच जाऊन बसल्या. म्हणाल्या, आधी मला जाळा. संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत. विधी राहिला तो राहिलाच.

वाचनालयात प्रभूचा फोटो आहे, हार नाही. हरीशचा फोटोच नाही. काहून, म्हणून विचारलं. अमृतराव म्हणाले, त्याचा नव्हता जवळ. मंजुळाबाईचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे.

५ मे, रविवार

मला नेमलेलं पहिलं काम म्हणजे ह्या धबधब्याबद्दल जिथं जे छापलंय ते गोळा करायचं. त्याचं नाव माझ्या जिभेला काही पेलत नाही, पण माहिती अशी मिळाली की थक्क झालो. दोनशे वर्षांपासून चित्रकार रंगपेट्या घेऊन तिथं जातात. कवींनी त्याच्यावर कविता केल्यात. आणि मुख्य म्हणजे एका इंग्रज लेखकाला आपल्याच गोष्टींतल्या नायकाचा कंटाळा आला, तेव्हा त्यानं त्याला वैऱ्यासकट ह्याच धबधब्यात लोटून दिलं. वाचक रडले, भांडले, लेखकाला पत्रं लिहून त्यांनी नको नको केलं. शेवटी काही वर्षांनी त्या बाबानं नायकाला जिवंत परत आणलं. म्हणे तो पडलाच नव्हता. जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्याच्या नावाची पाटी तिथं कड्यावर लावलीय, आणि लोक सात समुद्र ओलांडून ती बघायला जातात.

चंद्रभागावयनींना हे वाचून दाखवलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, हे मला ठाऊक हाय भाऊ, प्रभूनं फोनवर सांगितलं व्हतं. "लोकायनं रडून रडून त्याला परत आणला, आई," म्हणला व्हता. मग बराच वेळ भिंतीकडं बघत बसल्या.

मला आपलं एक वाटलं. पडले तर दोघं होते. त्या दुसऱ्यासाठी कुणी पत्र लिहिल्याचं कुठं सापडलं नाही.

७ मे, मंगळवार

वयनींनी आज मनातलं सांगितलं. त्यांना प्रभूची गोष्ट लिहून पाहिजे, तो पाण्यातून वर येतो अशी. रोज दुपारी एक पान लिहायचं आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. मी म्हणालो, वयनी, अहो, गोष्टीतला माणूस वेगळा आणि आपलं लेकरू वेगळं. त्या म्हणाल्या, "तो तर कुणाच्या पोटचा बी नव्हता, तरी आला. माझा काहून येनार न्हाई?"

आईचं मन तेवढंच हलकं होईल, म्हणून हो म्हणालो. नवीन वही काढली. पहिलं पान बरं जमलं. पाण्याच्या खाली एक कपार असते, प्रभू तिथं श्वास धरून आहे, इथपर्यंत आणलं. वयनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. जाताना त्यांनी माझ्यासाठी शेवयांची खीर ठेवली. आपल्या हातून कुणाला सुख होतंय म्हटल्यावर मलाही बरं वाटलं.

९ मे, गुरुवार

आज घोडं अडलं होतं. कडा सरळ, शेवाळलेला, हाताला काही लागत नाही. मी स्वतःच कालच्या पानात तसा लिहून बसलो होतो. प्रभूला वर तर घ्यायचाय, पण पाय ठेवायला जागा कुठून आणायची? तासभर पेन चावला. मग सुचलं आणि लिहून टाकलं : "खाली हरीश उभा होता. प्रभूनं त्याच्या खांद्यावर पाय दिला आणि तो हातभर वर आला."

छान बसलं वाक्य. वयनी रडल्या, हसल्याही. खिडकीबाहेर लिंबाच्या सावलीत मंजुळाबाई शेळ्या घेऊन बसली होती. वाचन संपायच्या आतच ती उठून गेली.

१० मे, शुक्रवार

आज आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरोघरी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरली. आमच्या हिच्या नावानं मीही एक भरली. पाणी पाजलं की माणूस तिकडं तृप्त राहतो, अशी आपली समजूत. वयनींनी प्रभूच्या नावानं भरू दिली नाही. म्हणाल्या, तो येऊन राहिला ना.

दुपारी मंजुळाबाईच्या दारात गर्दी दिसली म्हणून गेलो. तिनं सकाळी हरीशची घागर काठोकाठ भरली होती. ती कोरडी ठणठणीत झाली होती. फुटलेली नाही, कुठं ओल नाही. मी हात घातला तो झटकन बाहेर काढला, बर्फाच्या लादीत घातल्यासारखा. लोक म्हणाले, नवी घागर, प्याली असेल. मंजुळाबाई माझ्याकडं बघत होती.

१२ मे, रविवार

वाचनालय गार पडलंय. गावातले म्हातारे दुपारी इथं येऊन बसायला लागलेत. अमृतराव मला म्हणाले, मसाजीभाऊ, कूलर कधी बसवला? धबधब्याच्या भिंतीला हात लावला तर ओली. भर उन्हात दोन ते चारच्या दरम्यान पाण्याचा आवाज येतो, दूर टँकर रिकामा होत असल्यासारखा. मी बाहेर जाऊन पाहिलं. टँकर उद्या आहे.

उजवा खांदा दुखून राहिलाय. पुस्तकांचे गठ्ठे उचलले, त्यानं असेल. पान लिहिलं. प्रभू आणखी हातभर वर.

१४ मे, मंगळवार

मंजुळाबाई आली. उंबऱ्याच्या आत नाही आली. एवढी शांत बोलली की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "गुरुजी, माझ्या लेकराच्या खांद्यावर पाय ठिवायला तुमाला कुनी सांगितलं?" मी म्हणालो, बाई, ती गोष्ट आहे. ती म्हणाली, तीन वरसं तो कधी सपनात आला न्हाई. मी त्याला मोकळा केला व्हता, पानी पाजलं व्हतं, तो सुखात व्हता. आता रोज दुपारी येऊन राहिला. थंडीनं दात वाजून राहिले त्याचे, अन् म्हणतो, आई, जड व्हतंय. "जिता व्हता तवा त्यांची भांडी घासली, आता मेल्यावर बी त्यानंच खाली उभं राहावं का?"

खरं सांगायचं तर ते वाक्य लिहिताना मला पळभरही थांबावं वाटलं नव्हतं. पाय ठेवायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि हाताशी तोच आला. मीही तसल्याच घरातून वर आलेला माणूस, आणि मलाही तोच दिसावा!

आंघोळीला सदरा काढला. खांद्यावर काळंनिळं पडलंय. टाच वेगळी दिसते. पाची बोटं वेगळी दिसतात.

१६ मे, गुरुवार

वही फाडायला घेतली. पानं ओली, जड, फाटेनात. नऊ तारखेच्या वाक्यावर काट मारली. शाई विरघळून खाली गेली आणि वाक्य तसंच राहिलं. चुलीत घातली तर चूल विझली.

वयनींना हात जोडून म्हणालो, आता थांबू. त्यांनी माझे पाय धरले. म्हणाल्या, भाऊ, त्याचा हात मला दिसून राहिला, कड्याला चार बोटं कमी हाय. एवढी चार बोटं लिवा. मी हरीशचं सांगितलं. त्यांना कळलं. कळलं नाही असं नाही. डोळे पुसून म्हणाल्या, तो तर जाळलेला हाय ना भाऊ. त्याला काय तकलीफ?

चांगली बाई आहे. मला खीर करून घालते. अशी बाई हे बोलली.

१८ मे, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. प्रभू जिथल्या तिथं उभा आहे. म्हणजे हरीशच्या खांद्यावर. म्हणजे न लिहिणंही वाईटच, हे आज लक्षात आलं.

म्हातारे आता येत नाहीत. कुणाला तरी कपाटाआड दात वाजल्याचं ऐकू आलं.

माझे दोन्ही खांदे. आता दोन्ही.

१९ मे, रविवार

मंजुळाबाई दारात बसून आहे सकाळपासून. वयनी दुसऱ्या दारात. एकमेकींशी बोलत नाहीत. दोघी माझ्या हाताकडं बघतात.

हरीश बाजूला झाला असं लिहिलं तर प्रभू खाली जातो. कायमचा. त्याला तर अग्नीही नाही, पाणीही नाही. प्रभू वर आला असं लिहिलं तर त्या शेवटच्या जोरानं हरीश —

कुणाच्या आईला काय सांगू?

२० मे, सोमवार

ऐन दुपारी जमिनीवर पाणी. घोट्यापर्यंत. बाहेर रस्त्यावर धूळ उडतेय आणि इथं —

वयनी आणि मंजुळाबाई ओरडतायत. आवाज पोचत नाही. पाण्याचाच आवाज.

तिसरा रस्ता एकच आहे. खालची जागा रिकामी ठेवता येत नाही, पण माणूस बदलता येतो. ती जागा लिहिली कुणी? मी. मग तिथं उभं राहायचं कुणी?

दुपारीच

लिहितोय. "हरीशच्या शेजारी मसाजी येऊन उभा राहिला. म्हणाला, लेकरा, सरक, मी हाय —"

गुडघे पाण्याखाली गेले. किती थंड. बाप रे.

त्याला पाहिलं. हरीशला. पोरगंच आहे. ओठ निळे. मला म्हणाला, नको बापू, तुमी म्हातारे हाव. ह्याही वेळी हेच सुचलं त्याला. मी ढकलला. लिहिलं : हरीश मोकळा झाला. लिहिलं : हरीशच्या अंगावर ऊन पडलं.

मंजुळाबाई दारातून उठली. तोंडावर पदर नाही तिच्या. घराकडं निघालीय, मागं बघत नाही. झालं. एवढं तरी बराबर झालं.

आता वजन. माणसाचं नाही हे वजन, अख्ख्या कड्याचं —

पाणी छातीला. वही डोक्यावर धरून

प्रभू वर जात नाही. नुसता उभा आहे. मी लिहिल्याशिवाय हलणार कसा तो, आणि हात आता —

वयनी, पाण्यात येऊ नका. मागं व्हा. सांगतो ना, लिहितो, चार बोटंच राहिलीत. प्रभूचा उजवा हात कड्याच्या काठाला लाग