सोडलेला गूळ

अव्वा, तुझ्या लेकाचा, सम्मेदचा जंस्कारच्या डोंगरातनं जय जिनेंद्र. आण्णांनाबी सांग.

तब्येत ठणठणीत हाय. दिवस मावळायच्या आत जेवतो, पाणी गाळूनच पितो. घोडंवालं हसत्यात, हसू देत. कोडोलीत आपलं गुऱ्हाळ सुरू झालं का? आण्णांचा गुडघा कसा हाय?

इथनं परतायला दोन वाटा हायत. खिंडीतनं लवकर उतरता येतं, पण वर नवं बर्फ पडलंय. नदीकाठची वाट दुपटीनं लांब. परवा खिंडीकडं गेलेल्या लोकांचा घोडा एकटाच परत आला. माणसं मागनं येतील म्हणत्यात. तू काळजी करू नगंस. माझ्या भरवशावर आलेल्या ट्रेकवाल्यांना मी नदीकाठानंच नेतोय.

पण खरं सांगू? दिवसभर माझं पाय खिंडीकडंच वळत हुतं. मी घरी येईस्तोवर तू गूळ सोडलायस, तेवढंच डोक्यात. ऐन गुऱ्हाळात तू कोरड्या तोंडानं बसणार.

पत्र पोचंल तवा मी वाटेतच असंन. मिळाल्या मिळाल्या गुळाचा खडा तोंडात टाक. नेम मोडल्याचं पाप मला लागू दे. घरी माझ्यासाठी कुणी अडून बसलं न्हाय हे ठाऊक असलं, की मला सावकाश चालता येईल.

तुझाच,
सम्मेद