काठावरचं नाव

आबा, तुम्ही गेलात तेव्हा धरणगावात फोन करायचा म्हणजे बूथसमोर रांग लावायची. आता तुमची लेक जळगावात मोबाइलचं दुकान चालवते. तुम्ही कापड विकायचात, मी फोन विकते. गिऱ्हाईक मात्र तेच आहे, हातात वस्तू धरून आपल्या तोंडाकडे बघणारं.

गेल्या महिन्यात रावेरकडची एक बाई लेकीला घेऊन आली. घरची केळी नुकतीच कापून झालेली, लेकीला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेला. लेकीनं आल्या आल्या सगळ्यात महागड्या फोनवर बोट ठेवलं. नेमका त्याच कंपनीचा माणूस माझ्या दुकानात उभा होता. त्यांचा दिव्यांचा झगझगीत काउंटर माझ्याकडे होता, आणि दुकानाची निम्मी शोभा त्याचीच. आई हळूच मला म्हणाली, "ताई, एवढं काय हाये व त्याच्यात?" आणि मला तुमच्या दुकानाचा ओटा आठवला. मी शाळेतून आले आहे, कोणीतरी पँटपीस घ्यायला बसलंय, आणि मी शहाणपणानं त्या मोठ्या गिरणीचं नाव घेते. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर डोळे वटारता. "पहिले कापड दखाड, मंग नाव सांग." मग काठावर छापलेलं नाव आत दुमडून तुम्ही ते गिरणीचं आणि एक साधं, अशी दोन्ही कापडं उन्हात पसरता, आणि गिऱ्हाइकाला म्हणता, आता हात फिरवा.

मी त्या बाईला दारात उभं केलं. चेहरा सावलीत, मागे रस्त्यावर कडक ऊन. महागड्या फोननं एक फोटो काढला, त्याच्या निम्म्या किमतीच्या दुसऱ्या कंपनीच्या फोननं एक. दोन्ही भिंतीवरच्या टीव्हीवर लावले आणि कोणता कशाचा ते सांगितलं नाही. मायलेकींनी एकाच फोटोकडे बोट दाखवलं. "हा महागाचा," लेक खात्रीनं म्हणाली. तो स्वस्तातला होता. मी तिला दुसरी बाजूही सांगितली: महागडा जास्त वर्षं चालेल, त्याला नवं सॉफ्टवेअर मिळत राहील, जुना विकताना भाव चांगला येईल. तेवढ्यापुरती त्याची किंमत खरी आहे. त्यावरचा पैसा नावाचा. लेकीचा चेहरा पडला. "हॉस्टेलमध्ये पोरी काय म्हणतील?" तिची आई हसायलाच लागली. "नाव झाकलं तं तुलेच ओयखू नाही आलं, मंग त्या पोरीयले काय ओयखू येईन?" शेवटी लेकही हसली. स्वस्तातला फोन घेऊन दोघी बसस्टँडकडे गेल्या.

कंपनीचा माणूस म्हणाला, "ताई, असं विकणार असाल तर आमचा काउंटर इथं कशाला?" मी म्हटलं, "न्या." आठवड्याभरात त्यांनी खरंच काउंटर उचलून नेला. त्या जागी मी दोन खुर्च्या टाकल्यात. त्यांचे फोन मात्र अजूनही विकते, त्यांच्यावर माझा राग नाही. काल लग्नाचे फोटो काढणारा एकजण आला. त्यालाही तसेच फोटो दाखवले, पण त्यानं ते मोठे करकरून पाहिले, अंधारातले काढून बघितले आणि महागडाच निवडला. त्याच्या कामाला तो भाव वाजवी होता. त्यालाही मी मोकळेपणानं तसं सांगितलं. दुकानातली पोरं आता माझ्यासारखंच विकतात, आणि ते बघताना माझा ऊर भरून येतो. ही रीत तुमची आहे हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. थोडे दिवस ती माझीच म्हणून मिरवून घेते.

हे कागदावर उतरवलं, पण टाकणार कुठे? तुम्ही असतात तर अजून एक विचारलं असतंत, म्हणून सांगून टाकते. माझा स्वतःचा फोन तोच महागडा आहे. एवढ्या फोनची मला काही गरज नव्हती. नावासाठीच घेतला, आबा. फार आवडतो.