शकिलाभाभींची रिकामी बाकडी

रविवार, १८ जानेवारी. संध्याकाळ.

आज शेतकरी बाजारात पुन्हा शकिलाभाभींच्या गाडीवर दालचा-भात खाल्ला. चव तीच, नेहमीची. पण तिन्ही बाकडी रिकामी. मला पाहून भाभी हसल्या, "या ताई, आज तुमीच पाटलीणबाई. कुठं बी पसरून बसा!"

बाकडी रिकामी आहेत ती माझ्यामुळे. मागच्या महिन्यात इथे जेवून आल्यावर माझ्या मुलीला, सईला उलट्या झाल्या, तेव्हा घाबरून मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'भाभींच्या गाडीवर खाऊ नका.' तिसऱ्या दिवशी सई बोलली. उलट्या झाल्या त्याच दुपारी मैत्रिणीच्या रानात तिने पोट फुटेस्तोवर हुरडा खाल्ला होता, वर उसाचा रस. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. का? लोक मला हसतील म्हणून? की सगळे आपोआप विसरतील असं वाटलं?

वाढताना भाभींनी हळूच विचारलं, "ताई, तुमी शिकल्याली माणसं. खरं सांगा, माझं काय चुकतंय? कॉलनीतलं कुणीच येईना झालंय."

"थंडी आहे ना," मी म्हणाले. थंडी! शेजारच्या वडापावच्या गाडीवर उभं राहायला जागा नव्हती. इथे तीन बाकडी, आणि मी एकटी.

"मला वाटतं, मसालाच आवडंना लोकांला. आईच्या हातचा हाय, पर आता इकतचा टाकून बघते."

मी मान खाली घालून जेवत राहिले. मसाला बदलू नका, एवढंसुद्धा माझ्याच्याने म्हणवलं नाही.